‘डून द वॉटर’: क्लाइडवरच्या चाकांच्या बोटी आणि आम्ही दोघं

लेकीनं फोनवर विचारलं, “बाबा, स्कॉटलंडला येताय तर काय काय बघायचंय?” मी म्हटलं, “बोट.” ती म्हणाली, “किल्ले? डोंगर? तळी?” मी म्हटलं, “आधी बोट. मग उरलेल्या वेळात तुझे डोंगर.”

मी रत्नागिरीचा. नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली, त्यामुळे एंजिन दिसलं की पाय थबकतात. शिवाय लहानपणी मुंबईहून गावी यायचं ते भाऊच्या धक्क्यावरून, बोटीनं. डेकवर वळकटी पसरायची, शेजारच्या मावशी ओकायला लागल्या की आपण दुसरीकडे बघायचं, आणि बंदर आलं की पडावात उतरायचं. त्या बोटींना पाण्याखाली फिरणारा पंखा होता, चाकं नव्हती. चाकांची आगबोट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी ढकलत जाणारी, मी फक्त चित्रात पाहिलेली. ग्लासगोच्या क्लाइड नदीवर तसली एक, ‘वेव्हर्ली’, अजून चालते, तीही समुद्रात जाणारी जगातली शेवटची, हे कळल्यापासून डोक्यात तेच होतं.

व्हिसा, विमान वगैरे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहीत नाही. जुलैचा दुसरा पंधरवडा धरला होता. ग्लासगोचे कारखाने पूर्वी याच दिवसांत बंद व्हायचे. त्या सुट्टीला ‘ग्लासगो फेअर’ म्हणतात, आणि सगळं शहर बोटीत बसून नदीच्या मुखाकडे जायचं, त्याला ‘डून द वॉटर’. म्हणजे पाण्यानं खाली. आपण नाही का ‘खाली कोकणात’ म्हणत, तसंच.

पहिला दिवस: काहीच नसलेला धक्का

सकाळी ग्लासगोच्या ब्रूमीलॉ धक्क्यावर गेलो. नदीकाठी काचेच्या इमारती, सायकलवाले, बारीक पाऊस. बोट नाही, धक्क्यावर हमाल नाही. सौ. म्हणाली, “अहो, इथे काय बघायचं?” खरंच काही नव्हतं. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथूनच रोज सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी ‘कोलंबा’ सुटायची.

सात अकरा! आम्ही वेळापत्रक लावायचो तेव्हा शून्यावर नाहीतर पाचावर संपणारी वेळ धरायचो. अकरा मिनिटं लावणारा माणूस एकतर विक्षिप्त असतो, नाहीतर त्याला आपल्या गाडीची खात्री असते.

१८७८ साली क्लाइडबँकच्या जे. अँड जी. थॉमसन यांच्या गोदीत बांधलेली ही बोट. पोलादी, ३०१ फूट लांब, दोन तांबडी धुराडी. उन्हाळाभर रोज ग्लासगोहून आर्ड्रिशेगला जायची आणि संध्याकाळपर्यंत परत. आर्ड्रिशेगला क्रिनन कालवा लागतो. तिथून कालव्यातल्या छोट्या बोटीनं पलीकडे आणि मग पुढे ओबानला. १८४७ मध्ये खुद्द राणी या वाटेनं गेली, तेव्हापासून तिला ‘रॉयल रूट’ नाव पडलं. बोटीवर न्हावी होता, पुस्तकांचा ठेला होता आणि चक्क पोस्ट ऑफिस होतं, चालत्या बोटीत पत्रांवर शिक्के मारणारं. पण राणीचा आणि न्हाव्याचा थाट एका बाजूला. टार्बर्टला आणि आर्ड्रिशेगला धक्क्यावर लॉख फाइन या खाडीतल्या हेरिंग माशांच्या पेट्या वाट बघत असत, ग्लासगोच्या बाजारासाठी. वर साहेब, खाली म्हावरं. अशी गाडी मला ओळखीची वाटते.

१९३६ साली कोलंबा भंगारात गेली. म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न उन्हाळे. आमच्या वर्कशॉपातल्या कुठल्याही गाडीला एवढं आयुष्य लाभलं नाही.

दुपारी पाऊस वाढला तेव्हा रिव्हरसाइड म्युझियममध्ये शिरलो. तिथे जहाजांच्या प्रतिकृती एका फिरत्या पट्ट्यावरून तुमच्यासमोरून जातात, विमानतळावर बॅगा येतात तशा. सौ.ला ही सोय फार आवडली, कारण एका जागी बसून सगळं बघता येतं. बाहेर धक्क्याला ‘ग्लेनली’ हे १८९६ चं शिडाचं जहाज बांधलेलं आहे, तेही बघा.

*जाता जाता:* छत्री नेऊ नका. ग्लासगोचा पाऊस आडवा येतो. टोपीचं जॅकेट घ्या. आमची एक छत्री पहिल्याच दिवशी उलटी होऊन गेली.

दुसरा दिवस: डंबार्टन, थिबा राजा आणि एक हॉटेलवाला

क्वीन स्ट्रीट स्टेशनच्या खालच्या फलाटावरून डंबार्टनची गाडी मिळते. डंबार्टनला विल्यम डेनी यांची गोदी होती. ती १९६३ ला बंद पडली. पण १८८३ च्या सुमारास सुरू झालेली त्यांची ‘टँक’ शाबूत आहे. शंभरेक मीटर लांब पाण्याचा हौद, छपराखाली, वर रूळ. जहाज बांधायच्या आधी मेणाची छोटी प्रतिकृती करायची, या हौदातून ओढायची, आणि पाणी तिला किती अडवतं ते मोजायचं. असा हौद एखाद्या खासगी गोदीनं स्वतःसाठी बांधण्याची जगातली ही पहिलीच वेळ. मला वाटायचं, त्या काळी जहाजं अंदाजपंचे बांधत असतील. मेणाच्या ओतीव होडीवर सुरी फिरवणाऱ्या यंत्रासमोर उभा राहिलो आणि मनातल्या मनात कान पकडले.

तिथे एक वयस्कर गृहस्थ माहिती द्यायला होते, गोदीत वडील कामाला होते म्हणाले. त्यांनी विचारलं, कुठून आलात? “रत्नागिरी. मुंबईच्या दक्षिणेला.” त्यांना अर्थातच माहीत नव्हतं. मी म्हटलं, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा आमच्या गावी मेला. आता मात्र ते खुर्चीत पुढे सरकले. कारण इरावडी नदीवर चालणाऱ्या फ्लोटिला कंपनीचं मुख्य ठाणं ग्लासगोत होतं, आणि तिच्या बोटी प्रामुख्यानं या डेनींच्या गोदीत तयार होत. इथे जुळवायच्या, मग सुट्या करायच्या, भाग जहाजात घालून रंगूनला पाठवायचे आणि तिथे पुन्हा ठोकून उभ्या करायच्या. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं तेव्हा थिबा राजाला आणि राणीला राजवाड्यातून काढून नदीवर आणलं आणि त्याच कंपनीच्या ‘थूरिया’ या बोटीत बसवून रंगूनकडे नेलं. पुढे मद्रास, आणि १८८६ पासून रत्नागिरी. १९१६ मध्ये मरेपर्यंत राजा तिथेच.

थिबा पॅलेसच्या आवारात मी लहानपणी शाळेच्या सहलीत डबा खाल्लाय. राजा कोकणात कसा आला, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. राजाला गादीवरून उतरवून नेणारी बोट रोजची भातं आणि माणसं वाहणाऱ्या कंपनीची होती. लष्करानं नुसती कामाला लावली. निवडणुकीला एसटी लावतात तशी.

डंबार्टनहून बलॉखला जाऊन ‘मेड ऑफ द लॉख’ बाहेरून पाहिली. १९५३ ची, ब्रिटनमध्ये बांधलेली शेवटची मोठी चाकाची बोट. दुरुस्ती चालू आहे. उघडं पडलेलं लोखंड बघायला मला आवडतं, सौ.ला नाही. तिनं तेवढ्या वेळात तळ्याकाठी बसून घरून आणलेल्या दशम्या संपवल्या.

संध्याकाळी हेलेन्सबरा. इथल्या हेन्री बेलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचं आणि बायकोचं समुद्रकाठी हॉटेल होतं, स्नानगृहांचं. हॉटेल चांगलं, पण ग्लासगोहून गिऱ्हाईक येणार कसं? रस्ते वाईट, शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून बेलनं १८१२ साली पोर्ट ग्लासगोला लाकडी बोट बांधून घेतली, वाफेचं एंजिन बसवलं, बाजूला चाकं लावली आणि नाव ठेवलं ‘कॉमेट’. युरोपात व्यापारी तत्त्वावर प्रवासी नेणारी पहिली आगबोट ती हीच. म्हणजे एवढी मोठी क्रांती झाली ती खोल्या रिकाम्या राहत होत्या म्हणून! बेलला त्यातून पैसा काही मिळाला नाही. पाचपन्नास जणांनी लगेच त्याच्याहून मोठ्या बोटी काढल्या आणि १८२० मध्ये कॉमेट खडकावर फुटली. हॉटेल बायकोनं चालवलं. समुद्रकाठी बेलचा उंच दगडी स्तंभ आहे. हर्मिटेज पार्कमध्ये कॉमेटचं चक्र ठेवलंय, गंजकं, पावसात भिजणारं. मी त्याला हात लावून आलो.

*जाता जाता:* डेनी टँक रोज उघडी नसते, आधी बघून जा. बलॉख आणि हेलेन्सबरा डंबार्टनच्या पुढे फुटणाऱ्या दोन वेगळ्या फाट्यांवर आहेत, पण सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतात.

तिसरा दिवस: वेव्हर्ली

रात्री झोप लागली नाही. सौ. म्हणाली, “लग्नाच्या आदल्या रात्री घोरत होतात म्हणे.”

सायन्स सेंटरजवळच्या धक्क्याला ती उभी होती. काळं अंग, दोन उंच धुराडी, तांबडी, वर काळी, मध्ये पांढरा पट्टा. दोन्ही कुशींना चाकांची अर्धगोल घरं, त्यांवर सोनेरी नक्षी. आधीच सांगून टाकतो, ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नाही. १८९९ सालची याच नावाची बोट दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या डंकर्कला अडकलेल्या सैनिकांना आणायला गेली आणि २९ मे १९४० ला बाँबनं बुडाली. तिच्या जागी ही बांधली. २ ऑक्टोबर १९४६ ला पाण्यात उतरवली. पण बांधली ती आधीच्या बोटीच्याच वळणानं. १९७४ मध्ये ती चाकाच्या बोटींवर जीव असलेल्या एका संस्थेला एका पौंडाला विकली गेली. विकणाऱ्यांना वाटलं, कुठेतरी बांधून ठेवतील, लोक बघतील. संस्थेनं दुसऱ्याच वर्षी ती पुन्हा चालवायला काढली.

भोंगा झाला, दोर सुटले आणि पायाखाली काहीतरी धडधडायला लागलं. डिझेलची थरथर मला माहीत आहे, ती दातांत जाते. ही तशी नव्हती. पाटा-वरवंटा कोणीतरी एका लयीत ओढतंय अशी.

पाच मिनिटांत मी खाली होतो. वेव्हर्लीची खरी मजा म्हणजे एंजिनखाना उघडा आहे. दोन्ही बाजूंना बोळ, मध्ये कठडा, आणि कठड्यापलीकडे तुमच्या नाकासमोर तीन प्रचंड दांडे येतात आणि जातात. ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर यांचं काम. तीन सिलिंडर, तिरके निजवलेले. वाफ आधी सगळ्यात लहान सिलिंडरात, जोरात. तिथून थकून निघाली की मधल्यात. तिथून आणखी थकली की सगळ्यात मोठ्यात. एकाच वाफेला तीनदा राबवायचं. हे मी सौ.ला समजावत होतो तर ती म्हणाली, “कळलं. तुमच्या आईची चहापत्ती.”

जुन्या बोटींत बरेचदा एकच सिलिंडर असायचं. त्याचे दोन ताप. एक म्हणजे प्रत्येक ढकलीला बोट पुढे झेपावायची आणि जरा थबकायची, त्यामुळे माणसं दिवसभर डुलत. दुसरा ताप वाईट. सायकलचं पायडल बरोबर वरच्या टोकाला असताना सायकल थांबली तर नुसतं दाबून ती निघत नाही ना? तसंच ऐन धक्क्यापाशी एंजिन नेमक्या त्या जागी थांबलं की अडकलं. बोट तरंगतेय, कप्तान ओरडतोय, धक्क्यावरचे हसतायत.

चाकाबद्दलही माझा गैरसमज होता. मला वाटायचं, पाणचक्कीसारखं चाक, फळ्या ठोकलेल्या, फिरतं. तसं नाही. फळी आडवी आपटली तर निम्मी ताकद पाणी उडवण्यात जाईल आणि वर येताना ती पाणी उचलत बसेल. म्हणून प्रत्येक फळी बिजागरीवर आहे, आणि चाकाच्या मध्यापासून थोड्या बाजूला बसवलेल्या दुसऱ्या केंद्राहून तिला दांडा जोडलाय. चाक फिरताना हा दांडा फळीला असा कोन देतो की पाण्यात शिरताना ती उभी शिरते आणि निघतानाही उभी निघते. चांगला वल्हेकरी वल्हं घालतो तशी. चाकाच्या घराला छोटी गोल खिडकी आहे, तिच्यातून पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नाही, पण लहान मुलं तिथून हलत नाहीत. मीही हललो नाही.

एक गोष्ट मात्र कप्तानाच्या बाजूनं विचार केला तर अवघड आहे. दोन्ही चाकं एकाच आसावर. एक पुढे, एक मागे करून जागच्या जागी वळता येत नाही. शिवाय धक्का आला की सगळे प्रवासी बघायला त्याच बाजूला जमतात. बोट कलते, एक चाक खोल जातं, दुसरं उघडं पडतं, आणि बोट भलतीकडे ओढ घेते. दिवसातून दहा-बारा धक्के घेणाऱ्या जुन्या कप्तानांनी हे कसं निभावलं असेल? शेजारच्या गृहस्थांना विचारलं. ते ग्लासगोचे, सत्तरीचे, दर उन्हाळ्याला एकदा तरी येणारे. म्हणाले, “निभावायचे कसले, ठोकायचे!” आणि खो खो हसले.

शर्यतींचं तर विचारू नका. एकाच धक्क्यावर दोन कंपन्यांच्या बोटी. आधी पोचेल त्याला उभी असलेली माणसं मिळणार. वडापवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कप्तानांना बेदरकारपणाबद्दल कोर्टात दंड व्हायचे, आणि प्रवासी आपल्या बोटीच्या कप्तानाला रेलिंगवरून प्रोत्साहन द्यायचे. शेवटी मोठ्या धक्क्यांवर सिग्नल उभारावे लागले: आधी कोण लागणार ते धक्क्यावरचा माणूस ठरवील. त्यात रेल्वे कंपन्या उतरल्या. नदीचं वरचं पाणी तेव्हा शहराच्या सांडपाण्यानं इतकं घाण होतं की लोक ग्लासगोला बोटीत बसण्याऐवजी गाडीनं पुढे जाऊन तिथे बोट धरू लागले. १८८२ मध्ये एका कंपनीनं क्रेगेंडोरनला धक्का केला, १८८९ मध्ये दुसरीनं गूरॉकला, ग्रीनॉकला तिसरीचा होताच. गाडी आली की बोट तयार, बोट लागली की गाडी तयार. दोन मिनिटं वाचवायला नवी बोट बांधायचे. व्यापारी मंडळी बायकामुलांना महिनाभर किनाऱ्यावरच्या घरी ठेवत आणि स्वतः सकाळच्या बोटीनं कचेरीला, संध्याकाळच्या बोटीनं परत. डोंबिवलीचा माणूस यात नवं काही बघणार नाही.

या सगळ्याच्या खाली आगवाले. आज वेव्हर्ली तेलावर चालते, १९५० च्या दशकात तिचा कोळसा गेला. पण त्याआधी प्रत्येक बोटीच्या पोटात माणसं फावड्यानं कोळसा टाकत होती. वर बँड वाजतोय, कोणी गातंय, आणि कप्ताननं शर्यत लावली की घाम यांचा. शर्यतीच्या गोष्टीत कप्तानाचं नाव येतं. आगवाल्याचं कुठे वाचलं नाही.

क्लाइडबँकवरून गेलो. १९०७ ची टायटन क्रेन एकटी उभी आहे, जिथे कोलंबा जन्मली तिथे आता गवत आणि इमारती. मग डंबार्टनचा खडक, नदीकाठी एकदम उठलेला, ज्वालामुखीचा काळा कातळ. सौ. म्हणाली, “हा आपल्याकडचाच.” खरंच, रत्नदुर्गाच्या कड्याचा भाऊ शोभेल.

गूरॉकच्या पाण्यातून जाताना त्या गृहस्थांनी बोट दाखवली. म्हणजे बोटानं पाणी दाखवलं. इथे तळाशी ‘आयोना’ नावाची बोट आहे. अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेनं दक्षिणेची बंदरं कोंडली, आणि ती कोंडी फोडून पळायला वेगवान बोटी हव्या झाल्या. क्लाइडवरच्या या सहलीच्या बोटी सगळ्यांत चपळ. दलाल आले, रोख पैसे मोजून एकेक घेऊन गेले. आयोना १८६२ च्या ऑक्टोबरात निघाली आणि घराच्या दारातच दुसऱ्या बोटीला धडकून बुडाली. मालकांनी दुसरी आयोना बांधली, तीही विकली गेली, तीही १८६४ मध्ये लंडी बेटाजवळ बुडाली. तिच्या डेकवरच्या खोल्या मात्र जाण्यापूर्वी काढून ठेवल्या होत्या, त्या तिसऱ्या आयोनावर बसवल्या. ती तिसरी १९३६ पर्यंत टिकली. स्पेअर पार्ट जपून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. त्याच युद्धानं अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचे शेठ रस्त्यावर आले. क्लाइडवाल्यांना निदान बोटींचे पैसे आधी मिळाले होते.

दुपारी जेवण. डायनिंग सलूनमध्ये मसूर डाळीचं सूप मिळालं, वाफाळतं, मिरपुडीनं तिखट होण्याच्या जवळपास गेलेलं. मासा हॅडॉक, पिठात बुडवून तळलेला. ताजा होता, तेवढं सर्टिफिकेट देतो. सौ.नं पर्समधून तिखट-मीठ काढलं तेव्हा समोरच्या बाईंनी बशी पुढे केली. तिखटानं त्यांचं नाक लाल झालं, पण पुन्हा मागितलं.

जेवून मी म्हटलं, “एंजिन बघून येतो.” आजूबाजूचे सगळे हसले, एकानं डोळा मारला. मला कळेना. मग त्या गृहस्थांनी समजावलं: ग्लासगोच्या बोटीवर नवरा ‘एंजिन बघून येतो’ म्हणाला की तो बारकडे गेला असं समजायचं. तीन पिढ्यांचा वाक्प्रचार. मी चौथ्यांदा खरोखरच एंजिन बघायला जात होतो, पण कोणाला पटलं नाही. परत आलो तेव्हा सौ.नं वास घेऊन बघितला.

दारूचा आणि या बोटींचा इतिहासच आहे. १८५३ च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये रविवारी दारूची दुकानं बंद झाली, बोटी सुटल्या. त्याच वर्षी ‘एम्परर’ नावाची बोट रविवारी निघाली. रविवार म्हणजे देवाचा दिवस, त्या दिवशी सहल म्हणजे पाप. गॅरलॉखहेडच्या जमीनदारानं माणसं लावून धक्का अडवला, आणि प्रवासी बाटल्या, भाज्या जे हाताला येईल ते फेकत उतरले. उलट १८८० ला आलेली ‘आयव्हॅनहो’ पूर्ण सोवळी, बोटीवर दारूचा थेंब मिळायचा नाही. सभ्य कुटुंबांनी ती डोक्यावर घेतली. खिशातून काय नेत असतील ते वेगळं.

ब्यूट बेटावरच्या रॉथसीला बरेच उतरले, आम्ही काइल्स ऑफ ब्यूटमध्ये पुढे गेलो. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली अरुंद खाडी. डोंगर इतके जवळ येतात की मेंढ्यांचे चेहरे दिसतात. दाभोळच्या खाडीत आत शिरल्यासारखं, फक्त नारळ नाहीत आणि थंडी आहे. इथे उतारावर दोन दगड रंगवलेले आहेत, बायकांसारखे, ‘मेड्स ऑफ ब्यूट’. कोणा आगबोटीच्या कप्तानानं प्रवाशांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून खलाशाला रंगाचा डबा देऊन पाठवलं असं सांगतात. आपल्याकडे असता तर शेंदूर लागला असता आणि आतापर्यंत जत्रा भरली असती.

टायनाब्रुआखच्या लाकडी धक्क्यावर सूर्य निघाला. दहा मिनिटं. तेवढ्यात सगळ्या बोटीनं जॅकेटं काढली आणि परत घातली.

*जाता जाता:* क्लाइडवर वेव्हर्ली साधारण जूनअखेर ते ऑगस्टअखेर असते, थांबे रोज वेगळे. तिकीट आधी काढा, वारा फार असेल तर एखादा धक्का गाळतात हे धरून चला. थंडी वाजली तर एंजिनाच्या बोळात उभे राहा, बोटीवरची ती सगळ्यात उबदार जागा आहे.

चौथा दिवस: रॉथसी आणि एक प्रेक्षणीय मुतारी

परतताना आम्ही रॉथसीला उतरून मुक्काम केला होता. किनाऱ्यावर ओळीनं व्हिक्टोरियन घरं, खिडक्या समुद्राकडे. निम्म्या घरांत पूर्वी ग्लासगोची कुटुंबं खोल्या घेऊन राहत, पत्र्याच्या ट्रंका, भांडी आणि आजीसकट.

धक्क्यावर एक छोटी इमारत, बाहेर रांग. १८९९ साली बंदराच्या विश्वस्तांनी बोटीच्या प्रवाशांसाठी बांधलेली पुरुषांची मुतारी. मी हसत आत गेलो आणि गप्प झालो. काळ्या-हिरव्या दगडासारखी चकचकीत चिनी माती, तांब्याचे लखलखीत नळ, फरशीवर नक्षी, आणि पाण्याच्या टाक्यांना काचेच्या भिंती, आतलं पाणी दिसावं म्हणून! ट्वायफर्ड कंपनीचं काम. मी काही वेळ प्लंबिंग बघत उभा राहिलो, मुतारीत हे बरं दिसत नाही हे नंतर लक्षात आलं. राखणदारानं आत कोणी नाही बघून सौ.ला बोलावलं. ती पदर सावरत आत आली, चारही बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, “आणि बायकांसाठी?” त्या वेळी बायकांसाठी नव्हतं. बोटीतून तीन-चार तास येणाऱ्या बायकांनी काय करायचं, याचा विचार विश्वस्तांनी केला नव्हता. सौ. बाहेर येऊन बराच वेळ त्या विश्वस्तांबद्दल बोलत होती. ते सगळं लिहीत नाही.

दुपारच्या फेरीनं पस्तीस मिनिटांत वीम्स बे. ही आजची डिझेलची फेरी, गाड्या नेणारी, चांगली चालते, एंजिन दिसत नाही. पण वीम्स बेचं स्टेशन बघायला तरी इथून जा. १९०३ चं, वर काचेचं छत, ते फलाटावरून गोल वळण घेत उताराच्या रुंद बोळातून थेट धक्क्यापर्यंत जातं. पायऱ्या नाहीत, कोपरा नाही. हजार माणसं, ट्रंका, रडणारी पोरं, सगळी गाडीतून बोटीत पाण्यासारखी वाहावीत असा उतार. छत बघायला लोक येतात. मी उतार बघत होतो. स्टँडवर दिवाळीच्या गर्दीत उभा राहिलेला माणूस या उताराची किंमत जाणतो.

हे स्टेशन बांधलं तेव्हा चाकांच्या बोटींची सद्दी संपत आली होती. १९०१ मध्ये याच नदीवर डेनींनी बांधलेली ‘किंग एडवर्ड’ धावायला लागली होती, टर्बाइनवर, म्हणजे वाफेनं फिरणाऱ्या पात्यांच्या चक्रावर, चालणारी जगातली पहिली प्रवासी व्यापारी बोट. चाकं नाहीत, दांडे नाहीत, धडधड नाही. प्रवाशांना ती फार आवडली.

गाडीत बसलो. शिट्टी झाली, मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, “दोन मिनिटं उशीर.”

सौ. म्हणाली, “अहो, तुम्ही रिटायर झालायत.”